पहिला हात कोणाचा?

इंग्लंडातून निघणाऱ्या 'मेकॅनो मॅगझिन' या मासिकाच्या मार्च १९३८ च्या अंकात एका खेळण्याची माहिती छापून आली. ग्रिफिथ टेलर नावाच्या हौशी माणसाने मेकॅनोच्या भोकाभोकांच्या पट्ट्या, दंतचक्रे आणि एक विजेची मोटार एवढ्या सामानातून क्रेन बांधली होती आणि तिला 'गार्गंटुआ' असे भारदस्त नाव दिले होते. पाच प्रकारच्या हालचाली करणारी ही क्रेन लाकडी ठोकळे उचलायची आणि ठरलेल्या रचनेत एकावर एक मांडायची. कोणती हालचाल कधी करायची हे तिला छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून कळायचे. पट्टी बदलली की काम बदलले. पुढे सोळा वर्षांनी, १० डिसेंबर १९५४ रोजी, जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकन संशोधकाने पेटंटसाठी अर्ज केला. अर्जाचे शीर्षक होते 'प्रोग्रॅम्ड आर्टिकल ट्रान्सफर', म्हणजे आधी आखून दिलेल्या क्रमाने वस्तूंची हलवाहलव. १३ जून १९६१ रोजी त्याला २९,८८,२३७ क्रमांकाचे पेटंट मिळाले आणि औद्योगिक रोबोचा जनक म्हणून त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. आता सरळ मनाच्या वाचकाला पडणारा प्रश्न असा की, वस्तू उचलून ठेवणारा आणि पट्टीवरचा हुकूम पाळणारा यांत्रिक हात मुलांच्या मासिकात छापून आलेला असताना डेव्हॉलने नवे काय शोधले?

माझे म्हणणे असे की हा प्रश्नच पेटंटच्या कायद्याला विचारण्याजोगा नाही, आणि रोबोच्या इतिहासातले बरेच वाद तो चुकीच्या दारात नेऊन विचारल्यामुळे चिघळले आहेत. पहिला कोण हे कायदा सहसा शोधत बसत नाही. तो एवढेच पाहतो की अर्जदार जे स्वतःचे म्हणून मागतो आहे, ते सगळेच्या सगळे, एकाच ठिकाणी, लोकांच्या हाती आधीच आलेले होते का. याला कायद्याच्या भाषेत 'ॲन्टिसिपेशन' म्हणतात. आपण पूर्वप्रकटन म्हणू. या वाक्यातले तीन शब्द महत्त्वाचे आहेत: सगळे, एकाच ठिकाणी, आणि लोकांच्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्येच 'पीटर्स विरुद्ध ॲक्टिव्ह' या खटल्यात याची सोपी फूटपट्टी दिली होती. जी वस्तू पेटंटनंतर निघाली असती तर पेटंटचा भंग ठरली असती, तीच वस्तू पेटंटआधी निघाली असेल तर पेटंट बुडवते. म्हणजे मोजायचे ते पेटंटाच्या शेवटी लिहिलेल्या दाव्यांच्या शब्दांशी. संशोधकाच्या कीर्तीशी नव्हे, आणि त्याच्या यंत्राशीही नव्हे.

मग डेव्हॉलने मागितले काय, ते पाहू. त्या वेळच्या कारखान्यांत स्वयंचलित यंत्रे भरपूर होती, पण ती कॅमवर चालायची. धातूचा वेडावाकडा घडवलेला कॅम फिरला की यंत्राचा दांडा तेवढाच आणि तसाच हलायचा. माल बदलला की कॅम बदला, म्हणजे जवळपास यंत्रच बदला. हलवाहलवीची कामे मात्र रोज बदलतात. खोकी रांगेत मांडायची असतील तर प्रत्येक खोक्याची जागा वेगळी. डेव्हॉलने आपल्या अर्जात हाच फरक पुढे केला आणि निरनिराळ्या कामांना जुंपता येईल असे सर्वसाधारण यंत्र मांडले. त्याच्या रचनेत हाताच्या प्रत्येक हालचालीची जागा ओळखणारे साधन होते. हात अमुक जागी आहे हे ते साधन संकेताच्या रूपात सांगायचे. चुंबकीय ढोलावर हव्या त्या जागांचे संकेत साठवलेले असायचे. साठवलेला संकेत आणि हाताकडून येणारा संकेत जुळेपर्यंत हात हलत राहायचा आणि जुळला की थांबायचा. शिकवणेही तसेच: हात हव्या त्या जागी न्यायचा आणि ती जागा नोंदवून टाकायची. यातली गंमत अशी की अर्ज केला तेव्हा असे यंत्र प्रत्यक्षात नव्हतेच. जोसेफ एंगलबर्गर या अभियंत्याशी डेव्हॉलची गाठ १९५६ मध्ये एका पार्टीत पडली, आणि त्यानंतरच कागदावरच्या हाताला लोखंड आणि तेलदाबाची ताकद मिळाली. न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलण्याच्या कामावर पहिला 'युनिमेट' रुजू झाला तो १९६१ मध्ये, पेटंट मिळाले त्याच वर्षी.

या दाव्यांसमोर आता आधीच्यांना एकेक करून उभे करावे लागते. घाऊक 'हे तर आधीच होते' म्हणून चालत नाही. गार्गंटुआची पट्टी हालचाली सुरू आणि बंद करायची; हात खरोखर कुठे पोचला हे विचारून, साठवलेल्या जागेशी ताडून थांबवण्याची डेव्हॉलची रीत तिथे नाही. विलर्ड पोलार्ड नावाच्या पितापुत्रांनी १९३० च्या दशकात रंगाचा फवारा मारणाऱ्या यंत्रांचे अर्ज केले होते आणि त्यांतले एक पेटंट १९४२ मध्ये मिळाले. डेव्हिल्बिस कंपनीच्या हॅरल्ड रोझलंडचे फवारणीच्याच यंत्राचे पेटंट १९४४ चे. दोन्हीकडे आखून दिलेल्या मार्गाने फिरणारा हात आहे, पण तो फवाऱ्याची तोटी फिरवतो. वस्तू पकडून इकडची तिकडे नेत नाही. रेमंड गोर्त्झने शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी केलेला दुरून चालवायचा हात वस्तू उत्तम पकडायचा, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणूस होता. आठवण यंत्राची नव्हती, माणसाची होती. प्रत्येकाकडे डेव्हॉलच्या यंत्राचा एखादा अवयव आहे, कुणाकडे दोन आहेत. पूर्ण देह कुणाकडेच नाही.

सर्वांत जवळ आले ते कॅनडातले एरिक लीव्हर. नोव्हेंबर १९४६ च्या 'फॉर्च्यून' मासिकात त्यांनी जे. जे. ब्राउन यांच्यासह माणसांविना चालणाऱ्या यंत्रांवर लेख लिहिला. त्यात प्रत्येक मालासाठी वेगळे यंत्र बांधण्याऐवजी हातासारखे सर्वसाधारण घटक जुळवून कारखाना उभा करण्याची कल्पना होती. लीव्हर आणि त्यांचे सहकारी माउन्स यांनी कुशल कारागिराच्या हालचाली नोंदवून त्या यंत्राकडून पुन्हा करवून घेण्याच्या पद्धतीचे पेटंटही १९४९ मध्ये मिळवले. वाचताना वाटते की हेच ते, डेव्हॉल इथेच संपला. पण इथेच 'एकाच ठिकाणी' या अटीचा कस लागतो. लेखात हात आहे, पण त्या क्षेत्रातल्या जाणकाराने वाचून बांधावा असा आराखडा नाही. पेटंटात नोंद आणि पुनरावृत्तीचा आराखडा आहे, पण ती प्रामुख्याने यंत्रावर काम घडवण्याची रीत आहे. पूर्वप्रकटन ठरवताना दोन कागद एकमेकांना शिवता येत नाहीत. शिवायचे असतील तर तो प्रश्न वेगळा आणि त्याची कसोटी वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

त्याआधी सिरिल वॉल्टर केनवर्ड. या ब्रिटिश संशोधकाने हाताळणी करणाऱ्या यंत्रासाठी ब्रिटनमध्ये मार्च १९५४ मध्ये अर्ज केला, म्हणजे डेव्हॉलच्या जवळजवळ नऊ महिने आधी. त्याचे पेटंट प्रसिद्ध झाले १९५७ मध्ये. 'खरा पहिला केनवर्ड' असे म्हणणाऱ्यांचा सगळा भर या नऊ महिन्यांवर असतो. पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात हे नऊ महिने कुठे बसतात? परदेशातली गोष्ट अमेरिकेत मोजायची तर ती छापून आलेली किंवा पेटंट झालेली हवी. डेव्हॉलने अर्ज केला त्या दिवशी केनवर्डचा अर्ज लंडनच्या पेटंट कार्यालयात बंद होता. जगात कुणालाही तो वाचता येत नव्हता. यावर वकिली उत्तर असे देता येईल की, गुप्त अर्जही मोजले जातातच. खरे आहे. १९२६ च्या 'मिलबर्न' खटल्यात, वेल्डिंगच्या उपकरणावरून, न्यायमूर्ती होम्स यांनी ठरवले होते की आधी दाखल झालेल्या अर्जात जे सांगितलेले आहे ते दाखल झाल्या तारखेपासून मोजायचे. पेटंट कार्यालयाला निकाल द्यायला उशीर लागला म्हणून आधीच्या अर्जदाराचे काम मागे ढकलायचे नाही. पण ती सवलत अमेरिकेत दाखल झालेल्या अर्जाला होती. परदेशातल्या तारखेला ती मिळते का, हा प्रश्न पुढे थेट अपिलात आला. तो रोबोवरून आला नाही, मधुमेहावरच्या औषधांच्या कुळातल्या रसायनांवरून आला. आधीच्या संशोधकाच्या स्विस अर्जाची तारीख जानेवारी १९५७ ची होती, पेटंट मागणाऱ्या हिल्मर आणि सहकाऱ्यांच्या जर्मन अर्जाची तारीख त्याच वर्षीच्या जुलैची, आणि स्विस संशोधकाचा अमेरिकन अर्ज आला १९५८ च्या जानेवारीत. सीमाशुल्क आणि पेटंट अपील न्यायालयाने १९६६ मध्ये निकाल दिला: स्विस तारीख आपल्या मालकाचे रक्षण करण्यापुरती चालते, दुसऱ्याचे पेटंट बुडवण्यासाठी नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जाइल्स रिच हे १९५२ च्या पेटंट कायद्याच्या शिल्पकारांपैकीच होते, तेव्हा कायद्याचा अर्थ त्यांना कळला नाही असे म्हणायची सोय नव्हती. हा नियम जवळपास अर्धे शतक टिकला. २०११ च्या सुधारणेने तो गेला.

इथे आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हा न्याय आहे की तारखांची कसरत? केनवर्डने हात आधी शोधला, हे सत्य कुठल्या देशाच्या टपालात कागद पडला यावर कसे अवलंबून असेल? हिल्मर निकालावर टीका करणाऱ्यांचे म्हणणे साधारण हेच होते, आणि कायदा बदलला तोही त्यामुळेच. तरी मला वाटते, आक्षेप पेटंटाला बक्षीस समजण्यातून येतो. बक्षीस असते तर पहिल्यालाच द्यायला हवे. पेटंट हा सौदा आहे. संशोधक आपली विद्या उघड करतो आणि त्या बदल्यात समाज काही वर्षे ती त्याच्यापुरती राखून ठेवतो. जी विद्या समाजाकडे आधीच आहे ती पुन्हा विकत घ्यायची नाही, एवढाच पूर्वप्रकटनाचा अर्थ. डिसेंबर १९५४ मध्ये समाजाकडे केनवर्डचा हात नव्हता. देशाच्या सीमेवर तारीख अडवण्याचा भाग खुळचट होता आणि तो गेला हे बरेच झाले. पण गुपित आणि उघड यांतला भेद खुळचट नाही. आणि इतिहासकाराला केनवर्डचे नाव मोठ्याने घ्यायला पेटंटच्या कायद्याने कधी मनाई केलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. प्रत्येकाकडे एकेक अवयव होता असे म्हणता, मग ते जोडण्यात कसली प्रतिभा? कागद शिवण्याचा प्रश्न तो हाच. १९५२ च्या अमेरिकन कायद्याने याचे उत्तर नावीन्यापासून वेगळे काढले: नवे असले तरी त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला सहज सुचण्याजोगे असेल तर पेटंट नाही. दोन कसोट्यांची सरमिसळ किती सहज होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरला घडले. पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर खरवडून चकचकीत करताना ती निसटून उडायची. एका कारखान्याने १९५१ मध्ये भांडे दाबून धरणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. यांत्रिक हाताचा हा गरीब नातेवाईकच, पकडणे एवढेच त्याचे काम. भंगाचा दावा लागला तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते उचलून धरले, आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केले. लेथच्या हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या दोन टोकांमध्ये वस्तू दाबून धरण्याची युक्ती दशकानुदशके जुनी. तीच भांड्यांना थोड्या फरकाने लावली, ही कारागिराची रोजची सुधारणा झाली, शोध नव्हे. तीन पायऱ्यांवर दोन वेळा फिरलेला हा निकाल वाचताना लक्षात येते की न्यायालयाला नेमके तेच भांडे धरणारे तेच साधन जसेच्या तसे दाखवावे लागले नाही. 'आधीच होते' यापेक्षा 'यात विशेष काय' हाच प्रश्न निर्णायक ठरला. डेव्हॉलला हाच प्रश्न विचारला तर? माझ्या मते तो तरतो, आणि कारण त्याच्या आधीच्यांनीच पुरवले आहे. फवारणीवाल्यांकडे हात होता, लीव्हरकडे आठवण होती, आणि हे सगळे छापलेले, वर्षानुवर्षे कपाटात पडून होते. जोडणी इतकी सहज असती तर या जाणकारांपैकी कुणी तरी मधल्या वर्षांत ती केली असती. युनिमेट डोळ्यांसमोर असताना ती सोपी दिसते, हा मागून पाहणाऱ्याचा भ्रम आहे.

आता हाच तराजू उलट्या बाजूने कसा झुकतो ते पाहायचे तर नॉर्वे आणि ब्रिटनमधल्या अलीकडच्या भांडणाकडे यावे लागते. नॉर्वेची ऑटोस्टोअर कंपनी गोदामासाठी एक घनाकार रचना विकते. डबे एकावर एक रचलेल्या उभ्या चळती, त्यांच्या माथ्यावर रुळांची जाळी, आणि त्या जाळीवर धावणारे छोटे रोबो. हव्या त्या डब्याच्या चळतीवर आला की रोबो पट्ट्या खाली सोडून तो डबा वर ओढून घेतो. जुन्या रोबोत डबा शरीराच्या बाहेर, बाजूला लोंबायचा, त्यामुळे तो जाळीची जास्त घरे अडवायचा. नव्या कल्पनेत रोबोच्या पोटातच पोकळी ठेवली, डबा सरळ पोटात आणि चाके भोवती. रोबोला एक घर पुरू लागले. घरे वाचली म्हणजे जास्त रोबो, म्हणजे जास्त वेग. या 'मधल्या पोकळी'च्या पेटंटांची तारीख डिसेंबर २०१२ ची. ब्रिटनची ऑनलाइन किराणा कंपनी ओकाडो आधी ऑटोस्टोअरची ग्राहक होती आणि पुढे तिने स्वतःचे रोबो केले, तेही डबा पोटात घेणारे. ऑक्टोबर २०२० मध्ये ऑटोस्टोअरने अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दावे लावले. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगात डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य न्यायाधीशांनी तीन पेटंटे अवैध ठरवली आणि चौथ्याचा भंग झालेला नाही असे सांगितले. मार्च २०२२ मध्ये आयोगाने निकाल ओकाडोच्याच बाजूने कायम केला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने रस आहे तो लंडनच्या निकालात. ३० मार्च २०२३ रोजी न्यायाधीश हेकन यांनी मधल्या पोकळीची पेटंटे अवैध ठरवली, आणि त्यांच्या आड आले ते ऑटोस्टोअरचेच जुने कागद. २०१० मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या एका प्रकल्पासाठी कंपनीने अशा रोबोची माहिती रशियन मंडळींना दाखवली होती. कंपनीचे म्हणणे असे की ती विश्वासाने दिलेली, गोपनीय माहिती होती. ऐकणाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन होते असे न्यायालयाला पटले नाही. युरोपच्या कायद्यात एवढे पुरेसे आहे. बंधन नसलेला एक माणूससुद्धा 'लोक' असतो. इंग्लिश न्यायालये हे १८८७ पासून सांगत आली आहेत. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची मुदत मिळते, युरोपात तीही नाही.

यावर कुणी म्हणेल की हे तर केनवर्डपेक्षाही अन्यायाचे. २०१० मध्ये ओकाडोने ते रशियन कागद पाहिलेही नव्हते. जगातल्या कुठल्या ग्रंथालयात ते नव्हते, कुणी त्यावरून काही बांधले नाही. समाजाच्या हाती काय आले? मला या आक्षेपात तथ्य दिसते, पण पलीकडची बाजू जड वाटते. कुणी वाचले हे मोजू लागलो तर मोजणी कुठे थांबवायची? अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९८६ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एकुलता एक जर्मन प्रबंध, सूचीत नोंदलेला होता एवढ्यावर, छापील प्रकाशनासारखा धरला. तो कुणी उघडला होता का, हे विचारले नाही. वाचकांची संख्या सिद्ध करता येत नाही. दार उघडे होते की बंद, हे करता येते. केनवर्डचा अर्ज खरा होता, पण दार बंद होते, म्हणून तो डेव्हॉलला अडवू शकला नाही. रशियातली बैठक दूरची होती, पण दार उघडे होते, म्हणून ती स्वतः शोध लावणाऱ्यालाच अडवू शकली. दोन्ही निष्कर्षांना एकाच नियमाचे नाव लावता येते, आणि त्यातला एकही 'आधी कोण' या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मधली पोकळी पहिल्यांदा कुणाला सुचली याबद्दल लंडनच्या निकालाने ऑटोस्टोअरकडून काहीच काढून घेतलेले नाही. उलट २०१० चे कागद ग्राह्य धरून ती कल्पना त्यांच्याकडे आणखी दोन वर्षे आधी होती हेच त्याने नोंदवले. फक्त तिची किंमत मागायचा हक्क गेला.

पुढे वादांची साखळी आणखी लांबली असती, कारण ओकाडोनेही उलट दावे लावले होते. जुलै २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली. ऑटोस्टोअरने ओकाडोला २० कोटी पौंड दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांत द्यायचे ठरले, आणि २०२० पूर्वीची एकमेकांची पेटंटे वापरायला दोघांनी एकमेकांना मुभा दिली. दावा लावणाऱ्यानेच पैसे मोजले, आणि दोन्ही कंपन्यांचे रोबो आपापल्या जाळ्यांवर, डबे पोटात घेऊन, तसेच धावत राहिले.